काळवंडलेली नाणी आणि घासण्याची घाई

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींना आजीच्या मागे राहिलेल्या पत्र्याच्या पेटीत चांदीची ३७ जुनी नाणी मिळाली. बहुतेक नाणी लोकरीच्या कापडाच्या पिशवीत होती आणि पिशवीला रबरबँड गुंडाळलेला होता. सात-आठ नाणी वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत घालून ठेवली होती, तर चार नाणी आजोबांना जुन्या घराच्या पायाशी खणताना मिळाली, असे घरात सांगितले जाते. पिशवीतली नाणी काळी पडली आहेत, पाकिटांतल्या नाण्यांवर चिकट हिरवा थर आला आहे आणि मातीतल्या चारांवर करडे, मेणचट कवच चढले असून त्यांतली दोन एकमेकांना घट्ट चिकटली आहेत. तिघा भावंडांत वाटणी करण्यापूर्वी सगळी नाणी लखलखीत करावीत, अशी पत्रलेखिकेची इच्छा आहे. धाकट्या भावाने खाण्याचा सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची युक्ती सुचवली आहे. थोरल्या बहिणीचे म्हणणे असे, की एकाही नाण्याला हात लावायचा नाही. या वादात पत्रलेखिकेने एक नाणे टूथपेस्टने घासून पाहिले. ते पांढरेशुभ्र झाले, पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे पाहवत नाही, असे त्या लिहितात. ‘मी ते बिघडवले का? आणि उरलेली ३६ नाणी सुरक्षितपणे कशी स्वच्छ करू?’ हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पत्रात तुम्ही तो एकदाच विचारला असला तरी तुमच्या मनातून तो जात नाही हे ओळींमधून दिसते. होय, त्या नाण्याची हानी झाली आहे आणि ती भरून येणारी नाही. मात्र तुम्ही समजता तेवढी ती मोठी नसावी. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कण मिसळलेले असतात. दातावरचे कवच काठिण्याच्या दहा अंशी मापावर सुमारे ५ अंशांचे आणि चांदी २.५ ते ३ अंशांची, त्यामुळे दाताला जे मानवते ते चांदीला ओरखडते. तुमच्या नाण्यावर आता शेकडो बारीक ओरखडे असतील आणि ते दिव्याखाली तिरपे धरल्यावर दिसतील. पण नाणे गेलेले नाही, त्याचे वजन आणि कस जवळजवळ होता तेवढाच आहे, आणि ३७ पैकी एकावर प्रयोग करून तुम्ही थांबलात याचे श्रेय तुम्हाला द्यायलाच हवे. बहुतेक पत्रे मला तिसाव्या नाण्यानंतर येतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि मला आधी तिच्याविषयीच बोलायचे आहे. नाण्यावरचा काळेपणा म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ आहे, तो काढला की खाली मूळचे नाणे जसेच्या तसे असणार, असे तुम्ही धरून चालला आहात. भांड्यावरची काजळी किंवा काचेवरची धूळ अशीच असते, म्हणून हे गृहीत स्वाभाविक आहे, परंतु चांदीच्या बाबतीत ते खरे नाही. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा गंधकयुक्त वायू अत्यल्प प्रमाणात असतो आणि चांदी त्याच्याशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनते. तो काळा थर वरून बसलेला नसतो, नाण्याच्याच पृष्ठभागाचे ते रूपांतर असते, आणि वजनाने पाहिले तर त्यात सुमारे ८७ टक्के चांदीच असते. तुम्ही काळे घासून काढता तेव्हा फडक्यावर जे उतरते ती नाण्याचीच चांदी असते. काही दिवसांनी नाणे पुन्हा काळवंडते, म्हणजे पुढचा थर बळी जातो, आणि पुन्हा घासले की तोही फडक्यावर येतो.

पिशवीतली नाणी एवढी काळी का पडली, हेही यातून उलगडते. लोकरीत नैसर्गिक गंधक असते आणि रबरबँडचे रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळतात. आजीने ती नाणी मायेने लोकरीत गुंडाळली आणि वरून रबरबँड लावला. चांदीला काळे करण्यासाठी याहून नेमकी व्यवस्था मुद्दाम ठरवूनही जमली नसती.

हा थर अगदी पातळ असतो तेव्हा तो काळा दिसत नाही. प्रकाशाच्या खेळामुळे तो आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, जांभळा आणि निळा दिसतो, आणि पुरेसा जाड झाला की काळपट होतो. त्यामुळे पिशवीतली नाणी टेबलावर मांडून दिवसाच्या उजेडात एकदा निवांत पाहा. ‘काळी’ म्हणून तुम्ही ज्यांची नोंद केली आहे त्यांतल्या काहींच्या कडेला निळसर-जांभळी छटा असण्याची बरीच शक्यता आहे. नाणेसंग्राहक अशा समतोल, नैसर्गिक रंगछटेला दोष मानत नाहीत. उलट हे नाणे कोणी घासलेले नाही याची ती खूण समजतात, आणि छटा देखणी असली तर तिच्यासाठी अधिक पैसेही मोजतात.

दुसरे गृहीत चकाकीविषयी आहे. नाणे टाकसाळीतून बाहेर पडले तेव्हा ते चकाकत होते, म्हणून चकाकी परत आणली की नाणे मूळ रूपात येईल, असे वाटते. पण टाकसाळीची झळाळी आणि घासून आणलेली चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठशांच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. झळाळी असलेले नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवले तर चाकाच्या आऱ्यासारखा एक प्रकाशाचा पट्टा त्याच्यावर गोल फिरताना दिसतो, तो या रेषांमुळे. त्या रेषा एवढ्या नाजूक असतात, की कोणत्याही घासण्याने आधी त्याच जातात. तुमचे टूथपेस्टचे नाणे आणि न घासलेले, कमी झिजलेले एक नाणे शेजारी शेजारी धरून ही चाचणी करून पाहा. घासलेल्या नाण्यावर पट्टा फिरणार नाही. सगळे नाणे एकाच वेळी पांढरे उजळेल आणि सगळे एकाच वेळी मंदावेल. तुम्हाला दुसऱ्या दिवशी जे ‘पाहवले नाही’ ते बहुधा हेच असावे. तुमच्या डोळ्यांनी ते बरोबर टिपले, फक्त त्याला नाव नव्हते.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण तरुणपणी मी याहून मोठा अपराध केला आहे. माझ्याकडे एक चांदीचे नाणे होते, त्यावर राजाची मान वळवलेली छबी होती आणि कानामागे केसांच्या पाच बटा स्पष्ट मोजता येत होत्या. भांडी घासण्याच्या पावडरीने मी ते दोन-तीनदा उजळले आणि मोठ्या अभिमानाने काचेखाली मांडले. पुढे कधीतरी दहापट मोठे दाखवणारे भिंग हाती आले तेव्हा त्या बटा मी पुन्हा मोजायला गेलो. दोन उरल्या होत्या, तिसरीचा नुसता भास होता. त्याहून वाईट म्हणजे अक्षरांच्या खाचांत, जिथे माझी बोटे पोहोचली नव्हती तिथे, काळा थर तसाच होता आणि उंचवटे मात्र गुळगुळीत झाले होते. जे टिकायला हवे होते ते मी घासून टाकले आणि जे काढायचे होते ते जागच्या जागी राहिले. ते नाणे अजून माझ्या टेबलावर असते.

तिसरे गृहीत असे, की ३७ नाण्यांना एकच विकार झाला आहे आणि त्यावर एकच उपाय असणार. तुमच्या पत्रातले वर्णन इतके नेमके आहे की मला ते वाचतानाच तीन वेगळे ढीग दिसले. काळी नाणी, हिरवी चिकट नाणी आणि करड्या कवचाची नाणी. यांतल्या पहिल्या ढिगाला तातडीची गरज नाही, दुसऱ्याला आहे, आणि तिसऱ्याला घरी हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तातडीचा ढीग आधी घेऊ. चांदीच्या नाण्यांत चांदी निर्भेळ नसते. शुद्ध चांदी मऊ असल्याने तिच्यात तांबे मिसळतात. ब्रिटनच्या नाण्यांत १९२० पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती आणि त्या वर्षापासून ती ५० टक्क्यांवर आणली गेली. भारतातल्या रुपयात दीर्घकाळ सुमारे ९१.७ टक्के चांदी होती आणि १९४० पासून ती निम्म्यावर आली. अमेरिकेच्या डाइम आणि क्वार्टर या नाण्यांत १९६४ पर्यंत ९० टक्के होती. उरलेला भाग सर्वस्वी किंवा मुख्यतः तांब्याचा, आणि नाण्यावर दिसणारे हिरवे जवळजवळ नेहमी या तांब्याचे असते. नाणे जितके हिणकस, तितके हिरवे लवकर. तुमच्या वडिलांनी वापरलेली पाकिटे बहुधा पीव्हीसी या मऊ प्लास्टिकची असावीत. ते प्लास्टिक लवचीक ठेवण्यासाठी त्यात मिसळलेला तेलकट पदार्थ वर्षानुवर्षे बाहेर पाझरतो, आणि प्लास्टिक स्वतः विघटित होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. तेलकट पदार्थ नाण्याला चिकटून बसतो आणि आम्ल मिश्रधातूतले तांबे खात राहते. हा थर नाण्यावर असेपर्यंत काम चालूच असते, म्हणून इथे थांबणे योग्य नाही.

यावरचा उपाय घरी करण्याजोगा आहे. त्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन हवे. नखांचा रंग काढायचे द्रव चालणार नाही, कारण त्यात पाणी, सुगंध आणि तेल मिसळलेले असते. अ‍ॅसिटोन चांदीवर किंवा तांब्यावर परिणाम करत नाही, नैसर्गिक रंगछटाही काढत नाही. ते फक्त तेल, गोंद आणि प्लास्टिकचा चिकटा विरघळवते. पाकिटे कात्रीने कापून उघडा, नाणे आतून ओढून काढू नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत नाणी एकमेकांवर न येतील अशी ठेवा आणि ती पूर्ण बुडतील एवढे अ‍ॅसिटोन ओता. प्लास्टिकचे भांडे वापरू नका, कारण अनेक प्लास्टिके अ‍ॅसिटोनमध्ये मऊ पडून नाण्यालाच चिकटतात. रात्रभर तशीच ठेवून सकाळी बरणी हळूच हेलकावा, द्रव बदला आणि पुन्हा काही तास ठेवा. शेवटी ताज्या अ‍ॅसिटोनमधून एकदा बुचकळून नाणी मऊ सुती कापडावर पसरली की ती काही मिनिटांत आपोआप कोरडी होतात. पुसायची नाहीत, टिपायचीही गरज नाही.

हे करताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि त्या खोलीत दिवा, शेगडी, सिगारेट किंवा ठिणगी पडणारे कोणतेही उपकरण नसावे. अ‍ॅसिटोनची वाफ साध्या तापमानालाही चटकन पेट घेते आणि जमिनीलगत पसरत जाते. साध्या हातमोज्यांवर भिस्त ठेवू नका, ते अ‍ॅसिटोनपुढे फार वेळ तग धरत नाहीत. हात द्रवात घालण्याची वेळच येणार नाही अशी मांडणी करा. वापरलेले अ‍ॅसिटोन मोरीत ओतू नये. चिकटा निघाल्यावर खाली नाण्याचा पृष्ठभाग खडबडीत किंवा फिकट दिसला तर ती आम्लाने आधीच केलेली जखम आहे, तुमच्या हातून काही चुकले असे समजू नका.

चिकट नसलेला, कोरडा आणि टणक हिरवा ठिपका अ‍ॅसिटोनने जाणार नाही. तो वर्षभरात वाढत नसेल तर मी त्याला तसाच राहू देईन. तो फिकट हिरव्या भुकटीसारखा असेल आणि झटकल्यावर काही आठवड्यांत पुन्हा येत असेल, तर आत क्लोराइड (मिठात असणारा, धातू खाणारा घटक) शिरले आहे असे समजून नाणे वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

आता काळ्या ढिगाकडे, म्हणजे तुमच्या भावाच्या युक्तीकडे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ती युक्ती काम करते आणि तिच्यामागे साधे विद्युत-रसायन आहे. गरम पाण्यात सोडा घालून नाणे अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाला टेकवून ठेवले की गंधक चांदीला सोडून जाते, कुजल्यासारखा वास येतो आणि काळेपणा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. या पद्धतीत चांदी वाया जात नाही, म्हणून तिला निरुपद्रवी म्हटले जाते. मात्र जी चांदी सल्फाइडमधून सुटते ती पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या घट्टपणाने बसत नाही. पृष्ठभागावर ती सच्छिद्र, भुरभुरीत कणांच्या रूपात राहते. थर पातळ असेल तर फरक फारसा जाणवत नाही, जाड असेल तर नाणे खडूसारखे निस्तेज पांढरे दिसते आणि त्या सच्छिद्र पृष्ठभागामुळे पुन्हा अधिक लवकर काळवंडते. मग भावाला वाटेल की थोडे घासून घ्यावे. तुमच्या काळ्या नाण्यांवरचा थर वर्षानुवर्षांचा, म्हणजे जाडच असणार, म्हणून या ढिगावर ही युक्ती करू नये असे मी म्हणेन. रोजच्या वापरातल्या चांदीच्या चमच्यावर त्यांनी ती खुशाल करावी.

बाकीच्या प्रचलित उपायांविषयी थोडक्यात सांगतो. मीठ आणि व्हिनेगर, लिंबाचा रस, कपडे पांढरे करायचे ब्लीच यांपैकी काहीही चालणार नाही. मीठ आणि ब्लीच चांदीला क्लोराइड पुरवतात, म्हणजे आजार नसलेल्या नाण्याला आजार देतात. बाजारात मिळणाऱ्या, बुडवताक्षणी उजळवणाऱ्या द्रवांत बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असते. ते सल्फाइडचा थर, म्हणजे त्यातली चांदी, विरघळवून टाकते आणि दोन-तीन वेळा वापरले की झळाळीच्या त्या सूक्ष्म रेषा बोथट होतात. शिवाय थायोयुरिया कर्करोगाला कारणीभूत ठरत असल्याचा संशय आहे, म्हणून ते उघड्या हातांनी हाताळण्याजोगे नाही. अमोनियाबाबत मात्र जरा थांबून सांगायला हवे. चांदीचे क्षार विरघळलेले अमोनियाचे द्रावण तसेच ठेवून दिले किंवा सुकू दिले तर त्यातून अत्यंत स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि अमोनिया ब्लीचमध्ये मिसळला तर विषारी वायू सुटतात. कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी घरात हा प्रयोग करू नका.

मग काळ्या नाण्यांचे करायचे काय? त्यांच्यावर धूळ किंवा माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही तास ठेवून, तशाच ताज्या पाण्यातून काढून, शेवटी अ‍ॅसिटोनमधून बुचकळून सुकवावे. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्लोरीन आणि क्षार मागे राहतात. एवढे केल्यावर नाणी काळीच दिसतील, पण त्यांच्यावरची अक्षरे आणि आकृती अधिक स्पष्ट होतील. उंचवट्यांवर उजळ आणि खाचांत गडद असे नाणे सपाट पांढऱ्या नाण्यापेक्षा वाचायला सोपे जाते, हे एकदा भिंगाखाली पाहिले की पटते.

उरली मातीतली चार नाणी. जमिनीत मीठ आणि ओल असते तिथे चांदीचे हळूहळू सिल्व्हर क्लोराइड होते. ते करडे, कधी जांभळट, मेणासारखे मऊ असते आणि नखानेही खरवडता येते, म्हणून ते काढण्याचा मोह फार होतो. पण त्या कवचातही वजनाने सुमारे ७५ टक्के चांदी असते, आणि अनेकदा नाण्यावरची आकृती धातूत शिल्लक नसते, ती या कवचातच टिकून असते. कवच काढले की खाली खडबडीत, बिनचेहऱ्याची चकती उरते. त्यातच दीर्घकाळ पुरलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते. दिसायला धड असलेले नाणे बोटांच्या दाबाने बिस्किटासारखे मोडते. चिकटलेली दोन नाणी सुरीच्या टोकाने सोडवण्याचा प्रयत्न म्हणूनच करू नका. संवर्धनतज्ज्ञ अशा कवचासाठी सोडियम थायोसल्फेट, तांब्याच्या हिरव्या थरासाठी ईडीटीए नावाचे रसायन किंवा सौम्य फॉर्मिक आम्ल वापरतात, परंतु ते सूक्ष्मदर्शकाखाली, थेंबाथेंबाने आणि कुठे थांबायचे हे ओळखून वापरतात. एखाद्या संग्रहालयाच्या संवर्धन विभागाला किंवा नाणेशास्त्राच्या अभ्यासकाला ही चार नाणी नुसती दाखवली तरी ती कोणत्या काळातली आहेत आणि श्रम घेण्याजोगी आहेत का, हे कळेल.

याच चार नाण्यांबाबत आणखी एक गोष्ट वाटणीआधी तपासा. जमिनीत सापडलेल्या जुन्या मौल्यवान वस्तूंची नोंद सरकारकडे करावी, असा कायदा अनेक देशांत आहे. आजोबांनी तेव्हा काय केले हे आता कळणे कठीण असले, तरी ‘पायाशी सापडली’ ही घरातली आठवण तुम्ही लिहून ठेवा आणि लागू असलेला नियम जाणकाराकडून समजून घ्या.

आता वाटणीचा मुद्दा, कारण माझ्या मते खरा पेच तिथे आहे, स्वच्छतेत नाही. भावंडांना देताना नाणी लखलखीत असावीत, या इच्छेमागे आजीची वस्तू मळकी देऊ नये ही भावना आहे आणि ती मला समजते. मात्र आजीच्या हातांनी शेवटी गुंडाळली ती नाणी काळवंडतच होती. थोरल्या ताईंचे ‘हात लावायचा नाही’ हे म्हणणे काळ्या नाण्यांपुरते जवळजवळ बरोबर आहे आणि हिरव्या नाण्यांबाबत चूक आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. हातच लावला नाही तर प्लास्टिकचा चिकटा ती सात-आठ नाणी खात राहील.

काहीही करण्याआधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा आणि शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर त्याचे वजन करून ते त्या छायाचित्रासोबत लिहा. त्या नाण्याचे ठरलेले अधिकृत वजन शोधून ताडून पाहिले तर बनावट किंवा नुसता मुलामा दिलेले नाणे बहुधा इथेच उघडे पडते. चुंबकाला चिकटणारे नाणे चांदीचे नाही, पण न चिकटणारे प्रत्येक नाणे चांदीचे असते असेही नाही, कारण पितळही चिकटत नाही. नाण्यावरच्या सालावरही एकदम विसंबू नका; ऑस्ट्रियाचे ‘मारिया थेरेसा थालर’ हे चांदीचे नाणे त्या सम्राज्ञीच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल घालून पाडले जात राहिले.

यादी झाली की नाण्यांचे दोन भाग आपोआप पडतील. खूप झिजलेली, सहज मिळणारी नाणी एका बाजूला आणि दुर्मीळ किंवा चांगल्या अवस्थेतली दुसऱ्या बाजूला. संग्राहकांची मते इथे माझ्यापेक्षा कडक असतात, पण मला असे वाटते, की पहिल्या भागातल्या नाण्यांची किंमत मुख्यतः त्यांच्यातल्या चांदीएवढीच असते, आणि त्यांतले एखादे तुमच्या भावाला उजळवून डोळ्यांसमोर ठेवायचे असेल तर तिघांच्या संमतीने त्यांनी ते जरूर करावे. सगळीच नाणी संग्रहालयात ठेवण्याजोगी नसतात आणि आठवण म्हणून रोज दिसणारे एक नाणे पेटीतल्या दहांपेक्षा घरात अधिक काम करते. दुसऱ्या भागातल्या नाण्यांना मात्र हा नियम लावू नका. घासलेल्या नाण्याची प्रत ठरवताना परीक्षक त्यावर ‘स्वच्छ केलेले’ असा शेरा मारतात आणि त्याची किंमत घसरते.

टूथपेस्टचे नाणे या सगळ्यात कुठे बसते? ते पुन्हा काळे करण्याची औषधे मिळतात, ती वापरू नका. कृत्रिम रंग जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही आणि ओरखडे त्याखालूनही दिसतात. हवेत ते आपोआप काही वर्षांत पिवळसर, मग तपकिरी होत जाईल. ते तुमच्या वाट्याला घ्या.

साठवणीसाठी प्रत्येक नाणे पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनच्या, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि चांदी काळी न पडू देणारा खास कागद मिळाला तर तोही त्यात असावा. वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा, लोकर आणि रबर यांना त्या डब्यात जागा नको. नाणे नेहमी कडेने धरा, कारण बोटांचा घाम आणि तेल पृष्ठभागावर ठसा सोडतात आणि तो ठसा पुढे कायमचा गडद होतो; हाताळताना खाली मऊ कापड अंथरलेले असावे, म्हणजे निसटले तरी कडेला खोक पडणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या वर्षातून एकदा बदलताना छायाचित्रांशी नाणी ताडून पाहा आणि हिरवे कुठे वाढले आहे का, एवढेच बघा.

आजीची लोकरीची पिशवी टाकून देऊ नका, पण ती नाण्यांच्या डब्यातही ठेवू नका. ती स्वतंत्र डब्यात घालून त्यात एक चिठ्ठी ठेवा, की ही पिशवी होती त्या पेटीत अमुक साली इतकी नाणी मिळाली, त्यांतली चार मातीतली होती आणि एक तुम्ही टूथपेस्टने घासले.